'संशयित' कोण आणि 'संशयास्पद' काय?

जळगावकर: 'प्रोफाइलिंग'ला, म्हणजे तोंड-नाव बघून संशय घेण्याला, मराठीत काय म्हणावं? 'व्यक्तिवर्णन' फारच गुळगुळीत वाटतं. परवा भुसावळला पोलीस डब्यात चढले आणि दोन दाढीवाल्या पोरांच्याच बॅगा उघडून गेले. माझ्या गोणीकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. तिच्यात भरिताची वांगी होती, पण ते मलाच माहीत!

धुळेकर: 'पारख' घ्या की भाऊ. बैलबाजारात दात, खूर, वशिंड बघून बैल पारखतातच.

चाळीसगावकर: पारखी माणूस बैल चालवून बघतो हो, नुसता रंग बघून पैसे मोजत नाही. चांगला शब्द इथे वाया घालवू नका. 'तोंड पाहून टिळा' आपल्याकडे आहेच, तर 'तोंड पाहून झडती' म्हणा.

खरा घोळ पुढे आहे. संशयी म्हणजे संशय घेणारा. संशयित म्हणजे ज्याच्यावर घेतला तो. आणि संशयास्पद म्हणजे संशयाला जागा देणारं. 'आस्पद' म्हणजे स्थान. पिशवी बाकाखाली सरकवून पुढच्या स्टेशनावर रिकाम्या हाताने उतरणं संशयास्पद. दाढी, टोपी, आडनाव यांना तो शब्द लावणं ही मला तरी भाषेचीच चूक वाटते. धर्म-जातीवरून भेदभाव नको म्हणणारं घटनेचं कलम १५ वेगळंच.

नंदुरबारकर: गावात म्हातारे विचारतात, "तू कोना पोऱ्या शे?" त्यात माया असते. तोच प्रश्न नाकाबंदीवर आला की पोटात गोळा येतो. १८७१ च्या कायद्याने तर अख्ख्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. नाव नोंदलं की पोलिसांकडे हजेरी. १९५२ मध्ये तो रद्द झाला, 'विमुक्त' शब्द आला. पण चोरी झाली की पहिली गाडी अजून पारध्यांच्या पालाकडेच वळते.

धुळेकर: पोलिसांचंही ऐका. गाडी थांबणार पाच-दहा मिनिटं, कुणाकुणाला तपासणार? स्फोट झाला की तुम्हीच विचाराल, झोपले होते का म्हणून.

चाळीसगावकर: विचारणारच. दर दहावी पिशवी उघडा ना, मग ती कुणाची का असेना. तोंड पाहून शोधलं की वांग्यांच्या गोणीवाला न तपासताच निसटतो. (जळगावकर, रागावू नका.) आणि तुमच्या शेजारचं मालेगाव? सप्टेंबर २००६ च्या स्फोटांत आधी पकडलेल्या मुस्लिम तरुणांची पाच-पाच वर्षं तुरुंगात गेली. मग राष्ट्रीय तपास यंत्रणेने दुसरेच आरोपी उभे केले आणि २०१६ मध्ये न्यायालयाने आधीच्यांना आरोपमुक्त केलं.

जळगावकर: 'आरोपमुक्त' म्हणजे 'निर्दोष सुटका'च ना?

चाळीसगावकर: नाही. खटला उभा राहण्याआधीच सोडलं तर आरोपमुक्त. पुरावे तपासून, खटला चालून सुटला तर निर्दोष. चावडीवर मात्र दोघांनाही एकच शब्द, 'सुटला'. जणू केलं होतं, पण निसटला.

नंदुरबारकर: अहिराणीतही 'सुटीसन उना' (सुटून आला), बस. 'आरोपमुक्त' हा शब्द कुणी बोलताना वापरलेला ऐकलाय का? मी तरी नाही.