'लेडी अँड द ट्रॅम्प' घरच्या प्रोजेक्टरवर मुलांना दाखवायचाय, सल्ला हवा

रानजाई:
दिवाळीच्या सुट्टीत घरी मुलं जमणार आहेत, वयं चार ते दहा. १९५५ चा डिस्नीचा कुत्र्यांवरचा ॲनिमेशनपट 'लेडी अँड द ट्रॅम्प' दाखवायचा बेत आहे. पडदा ७२ इंच रुंद, प्रोजेक्टर साधा १६:९, दोन स्पीकर. वरखाली जाड काळ्या पट्ट्या येतात आणि मधे चित्र बारीक दिसतं. झूम करून पडदा भरू का? चार वर्षांच्या मुलाला भीती वाटेल असं काय काय आहे? आणि त्यापेक्षा २०१९ चा नवा दाखवावा का?

रेघोट्या:
झूम अजिबात करू नका. हा सिनेमास्कोप या रुंद पडद्याच्या तंत्रात केलेला पहिला पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट, चौकट २.५५:१, म्हणजे रुंदी उंचीच्या २.५५ पट. तुमच्या पडद्यावर १६:९ चं चित्र ४० इंच उंच येतं, तर या सिनेमाचं २८ इंच. ते ताणून ४० इंच केलंत की रुंदी १०३ इंच होते, म्हणजे दोन्ही बाजूंनी पंधरा-पंधरा इंच चित्र पडद्याबाहेर. नेमकं तिथेच कुणीतरी उभं असतं! रुंद चौकटीमुळे या चित्रकारांनी जवळचे शॉट कमी घेतले. एकच शॉट लांबवून पात्रांना या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवलं. लेडी ही कुत्री एका कडेला, ट्रॅम्प हा भटका कुत्रा दुसऱ्या कडेला आणि मधे सगळा रस्ता, ही मांडणी कापली तर कोण कुणाकडे बघतंय तेच कळत नाही. जुन्या व्हिडिओ कॅसेटवर चौकोनी टीव्हीसाठी चित्र असंच कापलेलं असे.

१९५५ मध्ये सगळ्या थिएटरांत रुंद पडदे नव्हते, म्हणून स्टुडिओने १.३७:१ ची वेगळी आवृत्तीही केली. त्यात नुसती कात्री लावली नाही, कडेची पात्रं आत सरकवून मांडणी नव्याने केली. तुमच्याकडच्या डिस्कवर चौकोनी चित्र असेल तर ते यातलं की नुसतं कापलेलं, हे आधी बघून घ्या.

चित्र मोठंच हवं असेल तर पडदा काढा आणि पांढऱ्या भिंतीवर दाखवा. प्रोजेक्टर आत्ताच्या अंतराच्या पाव भागाइतका आणखी मागे नेलात की रुंदी ९० इंच आणि सिनेमाची उंची ३५ इंच होते. काळ्या पट्ट्या भिंतीवर पडतात, अंधारात कळत नाहीत. उजेड मात्र दोन तृतीयांशच उरतो, त्यामुळे खोलीत पूर्ण काळोख हवा.

गंधार_पंचम:
वरच्याला +१. आणखी दोन सेटिंगं आधी तपासा. 'मोशन स्मूदिंग' किंवा तत्सम नावाचं जे असेल ते बंद करा. सेकंदाला २४ फ्रेम असतात, पण बऱ्याच ठिकाणी एक रेखाटन दोन फ्रेम धरलेलं असतं, आणि तो ठेका ॲनिमेटरने विचार करून बसवलेला आहे. यंत्र मधली चित्रं स्वतःच्या मनाने भरतं, मग पायांच्या कडा वितळल्यासारख्या दिसतात.

दुसरं आवाजाचं. प्लेअर ५.१ (सहा चॅनलचा) आवाज पाठवत असेल आणि स्पीकर दोनच असतील तर मधल्या चॅनलवरचे संवाद क्षीण होतात आणि संगीत अंगावर येतं. आउटपुट 'स्टिरिओ' किंवा 'पीसीएम' करा. गाणी नीट ऐकू येणं इथे फार महत्त्वाचं आहे. पेगी ली यांनी सनी बर्क यांच्यासोबत ती लिहिली, शिवाय लेडीची मालकीण डार्लिंग, कोंडवाड्यातली कुत्री पेग आणि दोन्ही सयामी मांजरी असे चार आवाज एकटीने दिले. दहा वर्षांच्या मुलांना हे आधी सांगून ठेवा, ती कान देऊन ऐकतात.

सबटायटल चालूच ठेवा. जॉक आणि बोरिस या कुत्र्यांचे अनुक्रमे स्कॉटिश आणि रशियन उच्चार मोठ्यांनाही एका दमात कळत नाहीत. (हा बोरिस कोंडवाड्यात बसून रशियन लेखक गॉर्कीचं वाक्य ऐकवतो.)

तिसरी_घंटा:
भीतीच्या जागा चार. घरी मावशी आल्यावर लेडीच्या तोंडाला जाळी बांधतात आणि ती रस्त्यात कुत्र्यांच्या तावडीत सापडते. हे लवकर संपतं. कोंडवाड्यात नट्सी या कुत्र्याला एका दारातून आत नेतात आणि तो परत येत नाही. लहानांच्या हे लक्षात येत नाही, आठ-दहाची मुलं हमखास विचारतात, तेव्हा टाळाटाळ न करता खरं सांगा. सगळ्यात कठीण शेवटाकडची उंदराची झटापट: पाऊस, विजा, पाळण्यातलं बाळ. तेव्हा चार वर्षांच्याला मांडीवर घ्या. लगेच कुत्री पकडणाऱ्यांची गाडी उलटून ट्रस्टी हा म्हातारा कुत्रा चाकाखाली येतो आणि जॉक रडतो. लहानग्याला तेव्हाच कानात सांगा, ट्रस्टी वाचतो, पुढच्या नाताळात पायाला बँडेज बांधून येतो.

सयामी मांजरींच्या गाण्यात आशियाई माणसांच्या बोलण्याची नक्कल आहे आणि ती खटकते. पुढे ढकलू नका, पण सिनेमा संपल्यावर मोठ्या मुलांशी बोला. २०१९ मध्ये ते गाणं काढलं आहे.

रेघोट्या:
जुना आधी, नवा नंतर. नव्यात खरी कुत्री आहेत आणि ट्रॅम्प झालेला कुत्रा निवारा केंद्रातून आणलेला, हे छानच. पण खऱ्या कुत्र्याच्या चेहऱ्यावर संगणकाने बोलणारं तोंड बसवलं की डोळे आणि ओठ दोन वेगळ्या गोष्टी सांगतात.

स्पॅगेटीच्या प्रसंगावर मात्र थांबा. दोन कुत्री स्पॅगेटी खाताना हास्यास्पद दिसतील म्हणून वॉल्ट डिस्नींना तो नको होता. ॲनिमेटर फ्रँक थॉमस यांनी स्वतःहून कच्चं ॲनिमेशन करून दाखवलं, मग तो राहिला. ट्रॅम्प शेवटचा मीटबॉल नाकाने लेडीकडे ढकलतो, तिथे मुलांना फक्त नाक आणि डोळे बघायला सांगा. संवाद एकही नाही.

सिनेमा ७६ मिनिटांचा आहे, मध्यंतर नको. लगेच दुसऱ्या दिवशी '१०१ डाल्मेशियन्स' (१९६१) लावा. 'लेडी'तली प्रत्येक रेघ हाताने शाईने सेलवर (पारदर्शक पत्र्यावर) गिरवलेली आहे. 'डाल्मेशियन्स'मध्ये ॲनिमेटरची पेन्सिल झेरॉक्सने थेट सेलवर उतरवली, म्हणून रेषा खरखरीत. पाठोपाठ बघितलं की मुलांनाही फरक दिसतो.

रानजाई:
फार उपयोगी, झूम रद्द. त्या दिवशी जेवायला स्पॅगेटी आणि खिम्याचे गोळे करणार आहोत. घरात लॅब्रॅडॉर आहे, मुलं त्याला भरवणारच. चालेल का?

तिसरी_घंटा:
सॉस आणि गोळे अजिबात नाही. कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. शिजवून किंवा पावडर करूनही ते सुरक्षित होत नाहीत, आणि लक्षणं काही दिवसांनी दिसतात. त्याच्यासाठी मीठ न घालता उकडलेल्या चार-सहा काड्या आणि बिनहाडाचं उकडलेलं चिकन वेगळं काढा, मुलांना तेच भरवू द्या. ताटं लगेच उचला. फराळातले बेदाणे आणि चॉकलेटंही उंचावर ठेवा, दोन्ही कुत्र्यांना घातक. चुकून खाल्लंच तर लक्षणांची वाट न बघता किती खाल्लं याचा अंदाज घेऊन पशुवैद्यांना लगेच फोन करा.