चोर्ल्याच्या वळणावर गाडी उडते, सस्पेन्शन बदलू का?

प्रेषक: टिळकवाडी, बेळगाव

मंडळी, नमस्कार.

जर्मनी सोडून कायमचा परत आलो तरी परदेशातल्या बेळगावकडच्या मंडळींच्या या मेल-लिस्टवरून माझं नाव काढू नका, अशी विनंती सेक्रेटरींना केली होती. त्यांनी ती मानली, आता तिचा फायदा उठवतो.

सेकंडहँड बीएमडब्ल्यू झेड-फोर घेतलीये. ई-89 पिढीची, छप्पर दुमडून डिकीत जाणारी. हायवेवर, म्हणजे काकतीपासून तवंदी घाटापर्यंत, काही तक्रार नाही. पण चोर्ला घाटातून गोव्याला निघालो की जांबोटीच्या पुढे तीच गाडी ओळखू येत नाही. वळणात असताना डांबराचं ठिगळ आलं की मागची बाजू टुणकन बाहेर सरकते. बारीकसा खड्डा मणक्यात बसतो. आणि एवढी कडक असूनही लांब वळणात झुकते ती झुकतेच.

पुण्यातला एक मॉडिफिकेशनवाला म्हणतो, कॉइलओव्हर, म्हणजे उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉकॉब्सरचे संच, घालू, चाळीस मिलिमीटर खाली आणू, मग बघा. त्याने सांगितलेल्या पैशांत गच्चीवर एक खोली चढते, असं घरातून ऐकवलं गेलंय. आपल्यात गाड्यांच्या धंद्यातली दोघंतिघं आहेत म्हणून विचारतो. बदलू का? आणि बदलायचं तर काय?

———

प्रेषक: निपाणीकर, दुबई

काय करूलालास गा? चोर्ल्याला ट्रॅक्स जाते, बोलेरो जाते, काजूची पोती लादलेला टेम्पो जातो. तुझीच तेवढी उडते. खाली आणलीस तर किणयेच्या हम्पवर अडकेल आणि आम्ही सुट्टीला आलो की ढकलायला बोलावशील. मी येणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो.

———

प्रेषक: वडगावकर काका, मिशिगन

अरे बाळा,

पैसे द्यायच्या आधी गाडीशेजारी उकिडवा बस आणि टायरच्या भिंतीवर काय छापलंय ते वाच. गोलात ‘आरएससी’ ही अक्षरं दिसली तर ते रन-फ्लॅट आहेत. हवा पूर्ण गेली तरी ताशी 80 च्या आत साधारण 80 किलोमीटर गाडी नेता यावी म्हणून त्यांच्या भिंती जाड, ताठ केलेल्या असतात. हवा भरलेली असतानाही त्या तेवढ्याच ताठ राहतात. बारीक खड्डा मणक्यात बसतोय त्यातला मोठा वाटा इथे असणार. शेजारीच चार आकडे दिसतील, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. टायर फार जुने असतील तर बाकी सगळी चर्चा थांबव आणि आधी ते बदल.

आता झुकण्याचं. वळणात आतल्या चाकांवरचं वजन बाहेरच्या चाकांवर जातं. ते किती जाणार हे स्प्रिंग ठरवत नाही. गाडीचं वजन, गुरुत्वमध्याची उंची, डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर आणि वळणाचा जोर एवढ्यावर ते ठरतं. तुझी गाडी दीड हजार किलोची धर, गुरुत्वमध्य अर्ध्या मीटरवर, चाकांत दीड मीटर अंतर आणि वळण 0.8 जीचं, म्हणजे गाडीच्या वजनाच्या 0.8 पट जोराने बाहेर ओढणारं. सुमारे 400 किलो बाहेरच्या बाजूला जाणारच, दगडासारखी स्प्रिंग घाल नाहीतर कापसाची गादी घाल. स्प्रिंग आणि अँटीरोल बार (डावं-उजवं चाक जोडणारी, कल आवरणारी दांडी) यांच्या हातात एवढंच की त्या 400 पैकी पुढच्या चाकांनी किती घ्यायचं, मागच्यांनी किती, आणि ते घेताना गाडी किती कलायची. कल डोळ्यांना दिसतो, म्हणून लोक त्याच्या मागे लागतात. तुझी मागची बाजू सरकते ती कलल्यामुळे नव्हे. ठिगळावर चाक रस्ता सोडतं म्हणून सरकते. हवेत असलेल्या चाकाला कसली आलीये पकड?

स्प्रिंग 40 टक्क्यांनी कडक केली तर गाडीची डुलायची गती वर्गमुळाने वाढते, म्हणजे 18 टक्के. ते डुलणं आवरायला शॉकॉब्सरचा जोरही त्याच प्रमाणात वाढायला हवा. तो वाढला नाही तर गाडी चेंडूसारखी उसळते. स्वस्त किटांत नेमकं हेच कच्चं असतं. स्प्रिंग कडक करणं सोपं आहे, आतल्या झडपा नीट बसवणं महाग.

आणि चाळीस मिलिमीटर? नको रे. डुलायची गती सेकंदाला दीड वेळा असेल तर गाडी स्वतःच्या वजनाने साधारण 11 सेंटीमीटर बसलेली असते, दोन असेल तर 6 सेंटीमीटर. खरी अडचण उरलेल्या जागेची आहे. चाळीस मिलिमीटर आधीच खाल्लेस तर ठिगळावर सस्पेन्शन बम्पस्टॉपला, म्हणजे चालीच्या टोकाच्या रबरी ठोकळ्याला, जाऊन थडकतं, आणि त्या क्षणी स्प्रिंगचा कडकपणा एकदम अनेक पट होतो. वळणात असं झालं की मागची बाजू टुणकन जाते. म्हणजे जे दुखणं घेऊन आलास तेच पैसे देऊन वाढवायचं.

तुझ्या गाडीला पुढे स्ट्रट (स्प्रिंग-शॉकॉब्सरचा एकत्र खांब) आहे, तिथे आणखी एक भानगड. गाडी खाली आणली की चाक धरणारा खालचा आर्म आडवा होतो, मग उलट चढाला लागतो. गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो गाडीपेक्षा जास्त खाली घसरतो, त्यामुळे कलवणारी तरफ लांब होते. शिवाय चाक दाबलं जाताना वरून आत झुकायचं तेही थांबतं. दिसायला रेसची गाडी होते आणि बाहेरचं टायर कडेवर चालतं.

माझा क्रम विचारशील तर आधी टायर, मग आर्मचे बुश (सांध्यातली रबरं), मग शॉकॉब्सर, शेवटी चारही चाकांची अलाइनमेंट. स्प्रिंगला इतक्यात हात लावू नको. आणि कुणी उद्यमबागेतल्या कारखान्यात नेऊन मूळ स्प्रिंगचा एक वेढा कापून देतो म्हणाला तर गाडी तिथून पळव. सहा वेढ्यांतला एक कापला तर स्प्रिंग 20 टक्के कडक होते हे खरं, पण टोकाची बैठक जाते, आणि गॅसने कापली तर पोलादाचं पाणीही उतरतं. उद्यमबागेची खरी ताकद वेगळी आहे. बुश काढायला-बसवायला तिथल्यासारखे हायड्रॉलिक प्रेस आणि ते चालवणारे हात मला इथेही सहज मिळत नाहीत.

———

प्रेषक: टिळकवाडी, बेळगाव

काका, आरएससी आहे! मागचे दोन टायर तर माझ्या मुलीपेक्षा मोठे निघाले, आणि ती चौथीत आहे. चाक काढून बघितलं तेव्हा मागच्या डाव्या शॉकॉब्सरवर तेलाचा ओघळ होता, त्यावर धूळ बसून चिखल झालेला. पुढच्या आर्मच्या बुशला चिरा आहेत.

एकच भीती. या गाडीत स्टेपनी नाही. रन-फ्लॅट काढले आणि कणकुंबीच्या पुढे पावसात रात्री पंक्चर झाली तर? तिथे फोनला रेंज येईल याचा भरवसा नाही, आणि आजूबाजूला भीमगडचं रान.

———

प्रेषक: शहापूरची ताई, कॉव्हेंट्री

काकांचं बहुतेक पटलं, पण कॉइलओव्हरला सरसकट झोडपलंय ते पटलं नाही. माझ्या एमएक्स-5ला आहेत आणि ट्रॅकवर मला त्यांचा उपयोग होतो. चांगल्या किटमध्ये उंची खालच्या ब्रॅकेटवर फिरवून बदलते, त्यामुळे स्प्रिंगचा ताण आणि शॉकॉब्सरची चाल जागच्या जागी राहते. चार चाकांखाली चार वजनकाटे ठेवून, ड्रायव्हर आत बसवून, तिरकं वजन (समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या चाकांवरचं) जुळवता येतं. त्यानंतर डावीकडे आणि उजवीकडे गाडी सारखी वळते. हे साध्या स्प्रिंगवर जमत नाही. खाली आणायलाच हवी असंही नाही, मूळ उंचीच्या जवळ ठेवता येते.

पण भावा, तुझ्यासाठी मीसुद्धा नकोच म्हणेन, आणि कारण वेगळं आहे. त्या किटचं सगळं गणित उघड्या आट्यांवर चालतं. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, दोन हिवाळ्यांत रिंगा अशा जाम होतात की पाना मोडतो. जांबोटी-कणकुंबीचा पाऊस आणि तांबडा चिखल काही कमी नाही. दर पावसाळ्यानंतर चाकं काढून घासून, तेल लावून ठेवणार असशील तर घे. तू ठेवणार नाहीस. शाळेत तुझी सायकल बघितलीये मी.

घ्यायचेच तर मूळ उंचीचे चांगले गॅस शॉकॉब्सर घे. बिल्स्टाइनमध्ये बी-6 आणि बी-8 असे दोन दिसतील. बी-8ची दांडी आखूड असते, तो खाली आणलेल्या गाडीसाठी. तुला बी-6. मात्र आधी गाडीचा पार्ट नंबर तपास. इलेक्ट्रॉनिक डॅम्पर कंट्रोलवाली (शॉकॉब्सर विजेवर कमीजास्त कडक होणारी) असेल तर साधा शॉकॉब्सर बसवल्यावर डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि पुढचं सगळं त्रांगडं होतं. काढतोयसच तर वरचे माउंट आणि बम्पस्टॉपही नवे घाल. मजुरी तीच, आणि जुना बम्पस्टॉप हातात भुगा होऊन येतो.

अँटीरोल बार जाड करायचा मोह होईल. त्याचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. 24 मिलिमीटरचा 26 केलास तर सरळ 38 टक्के वाढ. गुळगुळीत ट्रॅकवर छान. पण बार डावं-उजवं चाक एकमेकांना बांधतो, आणि चोर्ल्याला खड्डा क्वचितच दोन्ही चाकांना एकदम येतो. एका चाकाचा दणका दुसऱ्याला देऊन काय मिळवणार?

पंक्चरसाठी छोटा पंप, भोकात दोरा भरून बुजवायचं किट आणि पक्कड, एवढं डिकीत मावतं. खिळा लागला तर पंधरावीस मिनिटांचं काम. भिंत फाटली तर दोरा चालत नाही, तेव्हा टो-ट्रकच. मात्र रन-फ्लॅटची भिंत फाटली तरी शेवट तोच असतो हे लक्षात घे.

———

प्रेषक: भाग्यनगर, बेळगाव

मी इन्शुरन्समधून रिटायर झालो. पोरं अमेरिकेत, म्हणून या लिस्टवर. गाडीतलं मला कळत नाही, कागदातलं कळतं.

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत फेरफार करण्याबद्दल आहे. जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की उत्पादकाने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलापेक्षा वेगळी होईल अशी गाडी बदलता येणार नाही. झिजलेला शॉकॉब्सर काढून त्याच जागी तशाच मापाचा दुसरा बसवणं ही दुरुस्ती. उंचीच बदलणं, मापाबाहेरचं चाक घालणं, हे वेगळं प्रकरण. उद्या अपघात झाला आणि सर्व्हेअरने गाडी पाहिली तर वाद कुठून सुरू होईल ते मी पाहिलेलं आहे. बिलं जपून ठेव आणि बदल केलास तर विमा कंपनीला लेखी कळव. बेळगावच्या केए-22 पाटीची गाडी रोज गोव्यात शिरणार, तिथे तपासणारा माणूस तुझ्या ओळखीचा नसतो.

———

प्रेषक: निपाणीकर, दुबई

हम्पबद्दल मी चेष्टा केली, पण खरं सांगतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात हम्प 10 सेंटीमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असतो, ताशी 25 ने आरामात ओलांडावा असा. आपल्याकडे गावकरी रात्रीत जो घालतात तो हातभर रुंद आणि गुडघ्याला आलेला. मूळ उंचीलाच त्याच्यावरून तिरकी काढावी लागेल. खाली आणू नको बाबा.

———

प्रेषक: वडगावकर काका, मिशिगन

ताईचा मुद्दा मान्य. ट्रॅकवाल्याने कॉइलओव्हर घ्यावेत, घाटवाल्याने सांभाळायची तयारी असेल तरच.

आता बसवताना एक गोष्ट मेकॅनिकच्या उशाशी उभं राहून करून घे. आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी लिफ्टवर लटकलेली असताना शेवटचे आवळायचे नाहीत. चाकं लोंबत असताना आवळले तर गाडी खाली ठेवताक्षणी रबर पिळलं जातं आणि कायम पिळलेलंच राहतं. गाडी कडकही लागते आणि नवा बुश लवकर फाटतो. आधी हाताने लाव, गाडी चार चाकांवर उभी कर किंवा हबखाली जॅक देऊन नेहमीच्या उंचीला आण, मग टॉर्क रेंचने कंपनीच्या आकड्याला आवळ. बरीच गॅरेजं हे टाळतात कारण खाली सरपटावं लागतं.

शॉकॉब्सर मागचे दोन्ही एकदम बदल, एकटा डावा नको. अलाइनमेंट सगळ्यात शेवटी, टाकीत अर्धं पेट्रोल ठेवून. मागच्या चाकांना किंचित टो-इन (चाकांची पुढची टोकं आत वळलेली) राहू दे. तेच सरळ किंवा बाहेर गेलेलं असेल तर ठिगळावर मागची बाजू अशीच पळते. आधीच्या मापाचा कागद मागून घे आणि मला स्कॅन करून पाठव.

हे सगळं एका दिवसात करू नको. पहिल्यांदा फक्त टायर बदल, हवा दाराच्या खांबावर लिहिलेल्या आकड्याला ठेव आणि त्याच वळणांवरून त्याच वेगाने जाऊन ये. रन-फ्लॅट गेल्यावर स्टिअरिंग थोडं सैल वाटेल, ते भिंतीचं लवणं आहे, चारपाचशे किलोमीटरांत हात सरावतो. मग शॉकॉब्सर आणि बुश घाल. टायर मागवायच्या आधी पुढचं आणि मागचं माप मला लिहून पाठव. मागचे रुंद असतील तर पुढचे-मागचे अदलाबदल करता येणार नाहीत, आणि दुकानदार चारही एकाच मापाचे गळ्यात मारायला बघेल.