'हँड जॅम'ला मराठीत काय म्हणावं? फट, भेग, पाचर

दगडफूल
कॅलिफोर्नियातल्या जोशुआ ट्रीला पहिल्यांदा ट्रॅड चढाईसाठी (साहित्य स्वतः लावत आणि काढत केलेली कातळचढाई) जाणाऱ्या मराठी मंडळींकरता सूचना लिहायच्या आहेत. दोन शब्दांवर गाडं अडलंय. 'क्रॅक'ला भेग, चीर, तडा, कपार, फट यांपैकी काय म्हणावं? आणि 'हँड जॅम'ला, म्हणजे क्रॅकमध्ये पंजा घट्ट बसवून त्यावर लटकण्याला, 'हात अडकवणे' चालेल का?

माळरान
फट. भेग टाचेला पडते, जमिनीला पडते. ती वेडीवाकडी असते. तडा काचेला जातो, त्यात नखही शिरत नाही. कपार म्हणजे कातळाच्या पोटातली पोकळी, तिथे आग्या माश्यांचं पोळं लागतं. फट दाराची असते: समोरासमोर दोन कडा आणि मध्ये मोजता येईल असं अंतर. चढणाऱ्याला तेच अंतर हवं असतं. मग बोटफट, हातफट, मूठफट ही मापं आपोआप तयार होतात. हातफट साधारण 5 सेंमी, म्हणजे पिवळ्या 2 नंबरच्या कॅमलॉटची (कॅमलॉट हा एक कॅम, फटीत बसवायचं पाकळ्यांचं साधन). अख्खं अंग आत जाईल एवढी रुंद असेल तर आपल्याकडे 'चिमणी' म्हणतातच, तो शब्द बदलू नका.

पाणवठा
'अडकवणे' नको. मराठीत 'जॅम' आधीच आलाय: दार जॅम झालं, नट जॅम झाला. म्हणजे आता निघत नाही. नवशिक्याला नेमकी हीच भीती असते. चांगला हँड जॅम हात सैल सोडला की लगेच सुटतो. मी 'पाचर' सुचवेन. 'हाताची पाचर करा' म्हटलं की सुतारकाम पाहिलेल्या माणसाला चटकन समजतं.

कातळकोर
पाचर शब्द सुरेख आहे, पण तो हाताला दिला तर शिकणारा चुकेल. पाचर बाहेरून ठोकून आत बसवतात. हात ठोकायचा नसतो. सैल, सपाट पंजा अंगठा वर ठेवून फटीत मनगटापर्यंत घाला. मग अंगठा तळव्यात करंगळीच्या मुळाकडे दाबा. अंगठ्याखालचा मांसल गोळा फुगतो, बोटांची टोकं आणि तळव्याची टाच एका भिंतीवर दाबली जातात, हाताची पाठ दुसऱ्या भिंतीवर. हात आतून फुगलेला असतो. म्हणून क्रियापद 'फुगवणे' हवं: हात घाला, फुगवा, मग कोपर सरळ ठेवून लटका. कोपर वाकवून राहिलात तर दंड पाच मिनिटांत भरून येतात. वजन टाकल्यावर हात आत फिरवू नका. जोशुआ ट्रीचा कातळ खरबरीत, जाड कणांचा आहे. हात किंचित सरकला तरी पाठीची कातडी किसली जाते. त्यासाठी 38 मिमी रुंदीची चिकटपट्टी हाताच्या पाठीवर गुंडाळतात, तळवा मोकळा ठेवतात. पट्टी लावताना मूठ वळलेली असावी, नाहीतर मूठ वळताच ती ताणून रक्त अडवते.

पायांसाठी मात्र 'पिळणे' हाच शब्द. गुडघा बाहेर पाडून तळवा उभा करा, बोटं फटीत सरकवा, मग गुडघा सरळ वर आणा. बूट आत पिळला जातो आणि त्यावर उभं राहता येतं. हे जमलं की हातांवरचा निम्मा भार उतरतो, म्हणून शिकवताना पाय आधी शिकवावेत असं माझं ठाम मत आहे.

पाणवठा
मग पाचर शब्द वायाच गेला?

कातळकोर
मुळीच नाही. तो चढाईच्या साहित्यातल्या 'नट'ला द्या. तारेला जोडलेला निमुळता धातूचा तुकडा, वरून फटीत सोडायचा आणि खाली अरुंद होते तिथे बसवायचा. ती खरीखुरी पाचर. फट खाली निमुळती होत असेल तिथे हातही तसाच बसतो, फारसं फुगवावं लागत नाही. नवशिक्याने अशाच जागा शोधाव्यात.

समांतर फटीत मात्र पाचर टिकत नाही, घसरते. युटातल्या इंडियन क्रीकची विंगेट वालुकाश्माची फट अशी असते, तळापासून वरपर्यंत जवळजवळ एकाच मापाची. 1976 मध्ये तिथली 'सुपरक्रॅक' पहिल्यांदा चढली गेली तेव्हा कॅम बाजारात आलेले नव्हते. ते 1978 मध्ये रे जार्डिनच्या 'फ्रेंड' नावाच्या कॅमच्या रूपाने आले. कॅमच्या पाकळ्यांचा वक्र असा की खाली ओढलं की त्या बाहेर दाबतात, प्रत्येक भिंतीवर ओढीच्या साधारण दुप्पट. कॅम म्हणजे धातूचा हँड जॅमच, तोही फुगतो. पाकळ्या अर्ध्याहून जास्त मिटलेल्या असाव्यात. छत्रीसारख्या उघडल्या तर तो डगमगतो, पूर्ण मिटल्या तर निघत नाही. दांडा ओढ येईल त्या दिशेला, म्हणजे बहुधा खाली. सूचनांत एवढं नक्की घाला: इंडियन क्रीकमध्ये 5.10 पेक्षा सोपं फारसं काही नाही (ही अमेरिकी काठिण्य श्रेणी, 5.10 म्हणजे 5.9 च्या पुढची पायरी). जोशुआ ट्रीत 5.4 ते 5.7 चं भरपूर आहे. शिवाय वालुकाश्म ओला झाला की कमकुवत होतो. पावसानंतर तिथे किमान एक-दोन दिवस चढू नये, कॅमखालचा दगड फुटतो.

माळरान
'वाळवंट' लिहिताना जरा जपून. वाचणाऱ्याला वाळूचे ढिगारे दिसतील. जोशुआ ट्री मोहावे वाळवंटात आहे, तिथे खडकांचे प्रचंड ढीग आणि खुरटी झुडपं. 'रखरखीत मुलूख' म्हटलं तर चित्र बरोबर उभं राहतं. चढाईचा हंगाम ऑक्टोबर ते एप्रिल लिहा. उन्हाळ्यात तळव्याला घाम सुटला की फुगवलेला हातही निसटतो.

दगडफूल
पटलं. फट, फुगवणे, पिळणे, आणि नटला पाचर. राहिला 'ट्रॅड'. 'पारंपरिक' म्हटलं की धोतर-कासोट्यातली चढाई डोळ्यांपुढे येते.

कातळकोर
'पारंपरिक' टाळा, 'ट्रॅड' ठेवा आणि एकदा अर्थ सांगा: पुढे चढणारा स्वतः साहित्य लावत जातो, मागून येणारा ते काढत येतो, कातळात काही राहत नाही. मागच्याच्या कामाला 'वेचत येणे' म्हणा. शेतात वेचतात तसंच, काही मागे सोडायचं नाही. नट वेचताना तो काढायच्या खास आकड्याने खालून वर ठोसा द्यावा. तार हिसकू नये, तुटते. कॅम निघत नसेल तर आधी त्याची कळ ओढून पाकळ्या मिटवाव्यात, मग ज्या वाटेने आत गेला त्याच वाटेने बाहेर काढावा.