ओल धरलेली भिंत आणि न हटणारा खोकला

प्रश्न: आमचे घर डोंबिवलीत सर्वांत वरच्या मजल्यावर आहे. गच्चीतून पाणी झिरपत असल्यामुळे दर पावसाळ्यात भिंतीला पोपडे येतात आणि कपाटामागे काळी बुरशी धरते. पत्नीला दोन वर्षांपासून खोकला, थकवा व सांधेदुखी आहे. माहेरी आठवडाभर राहिली की खोकला थांबतो. अमेरिकेत ज्याला ‘सीआयआरएस’ (ओलसर घरातील बुरशीमुळे शरीरात दीर्घकाळ दाह होत राहतो, अशी कल्पना) म्हणतात, तोच हा आजार असेल का?

उत्तर १: ती संकल्पना अमेरिकी डॉक्टर रिची शूमेकर यांनी मांडली असली, तरी मुख्य प्रवाहातील वैद्यकशास्त्राने तिला स्वतंत्र आजार म्हणून स्वीकारलेले नाही. त्यामुळे त्या नावाखाली होणाऱ्या महागड्या तपासण्यांच्या मागे लागू नये. मात्र ओलसर घरांचा दमा व श्वसनविकारांशी असलेला संबंध जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्येच नोंदवला आहे. माहेरी बरे वाटते, ही खूण छातीरोगतज्ज्ञांना आवर्जून सांगावी, कारण हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसचा (बुरशीसारखे कण श्वासातून जाऊन ॲलर्जीने फुप्फुसांना येणाऱ्या सुजेचा) संशय बऱ्याचदा अशाच माहितीवरून येतो. सांधेदुखीचे कारण वेगळे शोधावे लागेल.

उत्तर २: बुरशीवर रंग मारू नये. आम्ही तीन वर्षे डिस्टेंपर मारत राहिलो (रंगारी तेवढा खूश होता) आणि दर जुलैत तोच काळा नकाशा पुन्हा उमटत असे. आधी गच्चीचे वॉटरप्रूफिंग करावे, मग प्लास्टर खरवडावे. त्या दिवसांत वहिनींना माहेरीच राहू द्यावे, कारण बुरशीचे बीजाणू धुळीबरोबर घरभर पसरतात.

प्रश्नकर्ता: आभार. सोसायटीला आजच अर्ज देतो.