पॉइंटवाली हॉलिडे मेंबरशिप घ्यावी का? कास्तकार घरातले अनुभव सांगा

दारव्हा तालुका, शिक्षिका

नमस्कार. आठ दिवसांपासून आमच्या घरात हा एकच विषय चालू आहे म्हणून धागा काढते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, हे शेती पाहतात, कापूस, सोयाबीन, तूर. सासू-सासरे, आम्ही दोघं आणि दोन लेकरं, सहा माणसं. मुलाच्या चष्म्यासाठी अमरावतीला गेलो तेव्हा मॉलमध्ये एक कूपन भरलं, चार दिवसांनी फोन आला की गिफ्ट लागलं, नवरा-बायको दोघांनी सोबतच या. गेलो तर हॉटेलच्या हॉलमध्ये अडीच तास बसवलं. दहा वर्षांची मेंबरशिप, किंमत 3 लाख, दरवर्षी खात्यात 10,000 पॉइंट येणार आणि ते देऊन त्यांच्या कोणत्याही रिसॉर्टला राहायचं, शिवाय वर्षाची फी 12,000 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी. "वर्षाला बारा रात्री आरामात होतात मॅडम" असं म्हणाले. सही केली नाही पण 5,000 टोकन देऊन आलो आणि रविवारपर्यंत सांगायचं आहे.

लगेच नाही म्हणवत नाही त्याचं कारण सांगते. सासूबाई पंढरपूर आणि शेगावच्या पलीकडे कधी गेल्या नाहीत. त्यांनी एकदा समुद्र पाहावा असं मला लग्न झाल्यापासून वाटतं. ज्यांनी घेतलंय किंवा अगदी जवळून पाहिलंय त्यांनी रकमेसकट लिहा.

वर्धा जिल्हा, बँकेत नोकरी

आमचा अनुभव चांगला आहे म्हणून मुद्दाम लिहितो ताई. 2016 पासून आहे, आम्ही चौघं. आधी सुट्टी मिळाली तरी घरीच जायची, पैसे भरून झाल्यावर मात्र दरवर्षी निघालो हे खरं, आणि पोरींना कुर्ग, मुन्नार सगळं तोंडपाठ आहे. रूममध्ये छोटं किचन असतं, बायको कुकर आणि तांदूळ घेऊनच जाते कारण रिसॉर्टच्या जेवणाचं बिल राहण्यापेक्षा जड जातं, चार माणसांचे तीन वेळचे लावून पाहा.

पण आम्ही जातो ऑगस्टमध्ये नाहीतर जानेवारीच्या शेवटी. त्या दिवसांत पॉइंट निम्म्याहून कमी लागतात. मे आणि दिवाळीचा दर मी बघतही नाही. दुसरं म्हणजे चांगलं रिसॉर्ट चार-पाच महिने आधी धरावं लागतं आणि रेल्वेचं रिझर्वेशन आता 60 दिवस आधीच उघडतं, आधी 120 होते. म्हणजे रूम पक्की आणि गाडी वेटिंगवर असं दोनदा झालं, एकदा रूम रद्द केली तर पॉइंट कापले गेले. आम्हाला नागपूर-बल्लारशाहवरून दक्षिणेच्या थेट गाड्या आहेत म्हणून जमतं, तुम्हाला दारव्ह्याहून आधी बडनेरा गाठायचं, तो खर्च धरा. फी 11,000 होती ती आता 17,000 वर गेली, ती कुठे थांबेल हे करारात लिहिलेलं नाही.

वरुड तालुका, संत्र्याची बाग

मी माह्यावाला अनुभव सांगतो ताई, लय जीव जळते म्हणून सांगतो. बागेचा सौदा चांगला झाला होता त्या वर्षी, हातात पैसा होता, नागपूरच्या हॉटेलात बसवलं आम्हाले. मी इचारलं का सातबाऱ्यावर नाव लागते का, तर म्हणे मालकीच समजा साहेब. मालकी कायची, नुसता राहाचा हक्क असते तो, मुदत संपली का संपला, हे मले घरी येऊन पोरानं कागद वाचला तवा समजलं. अडीच लाख भरले.

आता आमचं काम कसं असते, मे महिन्यात आंबिया बहाराची संत्री झाडावर असतात आन् ऊन 45 च्या वर, पाण्याची एक पाळी चुकली का गळ सुरू. लाइन रातची येते, तर रातभर मोटरीजवळ मी. दिवाळीनंतर तोडा चालू, व्यापारी येऊन रायले, मजूर पायजे. मग जाऊ कधी? पाच वर्षांत एकदा गेलो, तेबी तीन दिवस. पॉइंट पुढच्या वर्षात जाते म्हणे, जाते, पण एकच वर्ष, मंग उडून जाते. फी मात्र एकाही वर्षी उडाली नाही. दोन वर्ष भरली नाही तर बुकिंगच बंद केलं आन् फोनवर फोन. पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण बायकोनं बॅगा घेऊन ठेवल्या होत्या त्या तशाच पेटीवर आहेत, ते पाहिलं का वाईट वाटते.

भंडारा जिल्हा, गृहिणी

आम्ही फक्त ते फुकट तीन रात्रींचं व्हाउचर घेऊन आलो, मेंबरशिप घेतली नाही. व्हाउचर वापरायला गेले तर माणशी वेगळा चार्ज, जेवणाचं पॅकेज घ्यायलाच पाहिजे आणि शनिवार-रविवार चालणार नाही. शेवटी तसंच पडून राहिलं. हॉलमध्ये मी "विचार करून सांगतो" म्हटलं तर दर वेळी त्यांचा आणखी मोठा साहेब यायचा आणि किंमत खाली यायची. साडेचार लाखांचं अडीच लाखांवर आलं दीड तासात. तिथेच माझं मन उठलं, कारण कापसाचा भावही इतक्या लवकर पडत नाही.

खामगावजवळून, कृषी केंद्र

ताई, टोकनची पावती आहे ना? त्यावर परत मिळणार की नाही ते काय लिहिलंय बघा आणि जे विचारायचं ते फोनवर नको, व्हॉट्सॅपवर किंवा मेलवर विचारा. मी 2021 मध्ये त्याच संध्याकाळी सही केली होती. सेल्सवाल्यानं पुस्तिकेवर पेननं लिहून दिलं होतं की मे महिन्यात कधीही मिळेल, करारात मात्र बारीक अक्षरात "उपलब्धतेनुसार". तीन उन्हाळे प्रयत्न केला, दर वेळी फुल. आधी कंपनीला लेखी पत्र दिलं, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार टाकली, तिथं नुसती उत्तरं आली, मग जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. ग्राहक संरक्षण कायदा 2019 चा आहे, जुलै 2020 पासून लागू झाला, त्यात आपण जिथं राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस कुठंही असो. भरलेली रक्कम 5 लाखांच्या आत असेल तर तक्रारीची फी शून्य. मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं, मी जवळजवळ उशीर केलाच होता.

दीड वर्ष तारखा झाल्या, शेवटी तडजोड झाली आणि निम्म्याच्या थोडे वर पैसे परत आले. त्या पेननं लिहिलेल्या पानामुळे आणि व्हॉट्सॅपच्या मेसेजमुळे. हॉलमध्ये तोंडी काय बोलले ते काहीच कामी आलं नाही. वकील म्हणाले की युरोपात असा करार 14 दिवसांत कारण न देता रद्द करायचा हक्क कायद्यानंच दिलाय, आपल्याकडे खास असा कायदा नाही, करारात कंपनीनं जी मुदत दिली असेल तेवढीच. म्हणून ते कलम सही करण्याआधी बोट ठेवून वाचा आणि मुदत सहीपासून मोजतात की पैसे पोचल्यापासून तेही विचारा.

गडचिरोली, नर्स

आमच्या गावात नेटवर्क झाडाखाली येतं. ॲपवर बुकिंग उघडलं की शहरातले लोक पाच मिनिटांत घेऊन मोकळे. भावाकडे नागपूरला पासवर्ड देऊन ठेवलाय, तो बुक करतो. असा कुणी असेल तरच घ्या.

वाशिम जिल्हा

मेव्हण्याची उरलेली चार वर्षं स्वस्तात घेतली. नाव बदलायची फी वेगळी, शिवाय त्याची थकलेली दोन वर्षांची फी आधी भरावी लागली, ते कुणी सांगितलं नव्हतं. विकायला काढायची झाली तर घेणारा सापडत नाही हे त्याच्याकडूनच पाहिलंय, सहा महिने जाहिरात देऊन तो फिरत होता.

परतवाडा

आम्ही तिघं भाऊ, मेंबरशिप नाही, दर महिन्याला प्रत्येकी 1,500 चं आवर्ती खातं टाकतो. वर्षाला 54,000 जमतात, क्रूझर भाड्यानं करतो आणि चौदा माणसं जातो. शेगाव संस्थानचे भक्तनिवास पंढरपूर, त्र्यंबकेश्वर, ओंकारेश्वरलाही आहेत, स्वच्छ आणि परवडणारे. ज्या वर्षी बोंडअळीनं कापूस गेला त्या वर्षी पैसे लेकराच्या फीला वापरले, कुणाला विचारावं लागलं नाही. पावसाळ्यात चिखलदरा घरापासून तासाभरावर, तिथं तर सकाळी जाऊन रात्री घरी.

दारव्हा तालुका, शिक्षिका

सगळ्यांचे मनापासून आभार. वरुडच्या भाऊंचं वाचून रात्री झोप लागली नाही. काल मी त्यांच्याकडून पॉइंटचा तक्ता मागवला, दोनदा टाळलं, तिसऱ्यांदा पाठवला. त्या बारा रात्री होतात त्या स्टुडिओ रूमच्या, पावसाळ्यातल्या, सोमवार ते गुरुवार, 800 पॉइंटला एक रात्र. आम्ही सहाजण म्हटल्यावर एक बेडरूमचं युनिट लागतं आणि मे महिन्यात त्याचे 2,500 पॉइंट. म्हणजे चार रात्री. 3 लाखांचे दहा वर्षांत वर्षाला 30,000, फी जीएसटीसकट 14,160, झाले 44,160. एका रात्रीला 11,040 रुपये, प्रवास आणि जेवण सोडून, आणि फी वाढणार नाही असं धरून. तेच 3 लाख 7 टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला 21,000 व्याज येतं आणि मुद्दल जागेवर.

मग भिंतीवरचं कॅलेंडर काढून आम्ही दोघं बसलो. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडते, बाकी महाराष्ट्रात मध्यावर, म्हणून 15 जूननंतर पॉइंट एकदम उतरतात आणि मला सुट्टी असते. मला वाटलं हेच आपलं. हे म्हणाले, "तेव्हा पेरणी असते." तेवढंच बोलले. खूण केलेली सगळी पानं पालटून पाहिली, दोघंही मोकळे असे दिवस फक्त एप्रिलचा शेवट आणि मे, तेही लग्नसराई सोडून.

नाही म्हणून मेल पाठवला आहे, टोकनचंही लिहिलं आहे, उत्तर आलं की इथं टाकेन. सासूबाईंचं मात्र राहू द्यायचं नाही. बडनेऱ्यावरून पुरीला थेट गाडी आहे, जगन्नाथाचं दर्शन आणि तिथंच समुद्र. दिवाळीच्या सुट्टीत वेचणी असते म्हणून मी गप्पच होते, तर सासरे स्वतःहून म्हणाले, "वेचणी मी पाहून घेतो, तू तिले घेऊन जाय." पुरीला दोन म्हाताऱ्या माणसांना कमी चालावं लागेल अशी, समुद्राजवळची धर्मशाळा कुणाला माहीत असेल तर कृपया सांगा, सासूबाईंसोबत त्यांच्या बहिणीलाही न्यायचं ठरतंय.