विषय: ऑक्टोबरच्या सुट्टीत मालागा, सोबत आई आणि दोन मुलं

प्रेषक: बर्मिंगहॅम (नवीन सभासद)

नमस्कार मंडळी,

शाळांच्या ऑक्टोबरच्या सुट्टीत सात दिवस स्पेनला, दक्षिणेकडच्या कोस्ता देल सोल या किनाऱ्यावर जायचं ठरलंय. मालागाची विमानाची तिकिटं काढून झाली, बाकी सगळं अजून कागदावरच आहे. यादी अशी झालीय: मालागा, मार्बेया, रोंदा, जिब्राल्टर, ग्रॅनडा, सेव्हिल आणि कामिनितो देल रेय (दरीच्या कड्याला लगटून जाणारी ती अरुंद पायवाट). यजमान म्हणतात, गाडी भाड्याने घेऊ आणि दर दोन रात्रींनी मुक्काम हलवू. ते मालवणचे, समुद्र आणि मासे मिळाले की खूश.

काळजी आईची आहे. ती नागपूरहून आलीय, शेंगेन व्हिसा (स्पेनसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा) तिकडूनच काढून आणलाय. वय ७१, गुडघे दुखतात, पूर्ण शाकाहारी. दीक्षाभूमीला दरवर्षी न चुकता जाणारी, त्यामुळे हिंमत आहे, पण पाय साथ देत नाहीत. मुलगी १० वर्षांची, मुलगा ६ वर्षांचा. इतकं सगळं झेपेल का? कुणी जाऊन आलं असेल तर कृपया सांगा.

---

प्रेषक: रेडिंग (ग्रंथालय समिती)

ताई, नमस्कार.

यादी वाचली आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले. यातलं निम्मं आजच खोडून टाका. ग्रॅनडा आणि सेव्हिल किनाऱ्यावर नाहीतच. दोन्हींना स्वतंत्र वेळ द्यावा अशी शहरं आहेत, धावत्या भेटीत आईंना फक्त गाडीची खिडकी दिसेल. रोंदाचा पूल (१७९३ सालचा, खाली जवळपास शंभर मीटर दरी) सुंदर आहे, पण घाटातल्या वळणांनी मुलांना मळमळेल. कामिनितोला तर आठ वर्षांखालच्या मुलांना सोडतच नाहीत. तिथे आम्ही पोळलो आहोत. आमची लेक तेव्हा साडेसात वर्षांची होती, मी तिकिटं काढताना तो नियम नीट वाचला नाही. ती दारातच रडायला लागली. मग यांना एकट्याला पुढे पाठवलं आणि आम्ही दोघी आर्दालेसजवळच्या धरणाच्या हिरव्यागार पाण्याशी दगडांवर बसून राहिलो. तुमच्या धाकट्याचं तसं होऊ नये.

गाडीही घेऊ नका. मालागा ते फुएंगिरोला लोकल आहे. मालागा शहर, विमानतळ, तोरेमोलिनोस, बेनाल्मादेना सगळं त्याच मार्गावर, साधारण वीस मिनिटांना एक गाडी, या टोकापासून त्या टोकापर्यंत पाऊण तास. पहिल्या पाच रात्री याच मार्गावर, बेनाल्मादेनातल्या आरोयो दे ला मिएल स्टेशनच्या आसपास घर घ्या. या नावाचा अर्थ मधाचा ओढा. स्टेशनपासून दोन-चार मिनिटांवर कालामोरो डोंगरावर जाणारा रोपवे आहे. वरून सगळा किनारा एका नजरेत येतो. वारा सुटला की तो बंद ठेवतात, म्हणून सकाळी उठून आधी चौकशी करा आणि तो बेत एकाच दिवसाला बांधून ठेवू नका.

त्याच लोकलने फुएंगिरोलाच्या बायोपार्कला जाता येतं. हे प्राणिसंग्रहालय गावातच आहे आणि आटोपशीर आहे, आईंना तंगडतोड होणार नाही. गज नाहीत, झाडी, पाणी आणि काचा यांनीच अंतर राखलंय. लेमूर, गोरिला, कोमोडो ड्रॅगन, मुलं हलायला तयार होत नाहीत. एक अख्खा दिवस द्या.

आणि आईंना बेनाल्मादेनाच्या स्तूपावर न्याच. स्पेनच्या किनाऱ्यावर स्तूप, हे मलाही पहिल्यांदा खरं वाटलं नव्हतं. भूतानच्या लोपोन त्सेचू रिनपोछे यांच्या संकल्पनेतून तो उभा राहिला, पण २००३ साली पूर्ण होण्याच्या काही महिने आधीच ते गेले. ३३ मीटर उंच, पांढराशुभ्र, समोर थेट भूमध्य समुद्र. बहुतेक स्तूप आतून भरीव असतात, हा पोकळ आहे, आत ध्यानाची खोली आहे. दीक्षाभूमीचा स्तूपही आतून पोकळ, त्यामुळे आईंना आत पाऊल टाकताच ओळखीचं वाटेल. स्तूप वरच्या गावाच्या बाजूला आहे, टॅक्सीने जा, चढ चालू नका. सोमवार टाळा.

मालागा शहराला दीड दिवस पुरे. आल्काथाबा हा अकराव्या शतकातला मूरांचा, म्हणजे तेव्हाच्या मुस्लिम राज्यकर्त्यांचा किल्ला. महापालिकेच्या इमारतीमागच्या रस्त्यावरून त्याला लिफ्ट आहे, ती न विसरता घ्या. पायथ्याशी रोमन नाट्यगृह आहे, १९५१ साली बांधकाम करताना जमिनीखाली सापडलं, ते फुकट बघता येतं. पिकासोचा जन्म याच शहरातला, १८८१ चा. मेर्सेद चौकात बाकावर बसलेला त्याचा पुतळा आहे, मुलं शेजारी बसून फोटो काढतात. त्याचं संग्रहालय तुमच्या थोरलीला आवडेल, धाकटा कंटाळेल, तेव्हा दोघांनी पाळीपाळीने जा.

आता मनातलं सांगते. शेवटच्या दोन रात्रींसाठी मुक्काम एकदाच हलवा आणि पूर्वेला नेर्खाला जा. लोकल तिकडे जात नाही, मालागाहून बस आहे, तास-सव्वा तास लागतो. सगळे पश्चिमेला मार्बेयाकडे धावतात. माझा जीव पूर्वेकडेच अडकलाय.

मी कोल्हापूरकडची. लहानपणी गुऱ्हाळावरून घरी किटलीत काकवी यायची. नेर्खाच्या वर डोंगरात फ्रिखिलियाना नावाचं पांढरं गाव आहे. तिथल्या एका साध्या खानावळीत वांगी मागवली. पीठ लावून तळलेले काप, कडेने कुरकुरीत, आत लोण्यासारखे मऊ, आणि वरून काळसर सोनेरी धार. मेनूत ‘मिएल’ लिहिलेलं, म्हणून मी मध समजले. पहिला घास घेतला आणि ओठ चिकटले, घशाशी तो धुरकट गोडवा आला. काकवी! मालकीणबाईंनी बाटली आणून दाखवली: मिएल दे कान्या, म्हणजे उसाचा मध. गावाच्या तोंडाशीच जुन्या वाड्यात कारखाना आहे, तिथे आजही ती तयार होते.

मग मी खोदखोदून विचारत बसले. अरबांनी ऊस इथे आणला आणि या पट्ट्यात शतकानुशतकं उसाचे मळे आणि घाणे होते. तिथला शेवटचा साखर कारखाना, शेजारच्या ग्रॅनडा प्रांतातला, २००६ साली बंद पडला. नेर्खा आणि मारो यांच्या मधल्या ओढ्यावर एकावर एक चार मजली कमानींचा जलसेतू दिसेल. तोही उसाच्याच कारखान्याला पाणी न्यायला बांधलेला. स्पॅनिश लोक साखरेला ‘असुकार’ म्हणतात, अरबी ‘सुक्कर’वरून आलेला शब्द, आणि त्याच्या मुळाशी आपली शर्करा. त्या कमानींखाली उभं राहून आजोबांचा मळा आठवला, डोळे भरून आले.

उसाच्या जागी आता आवोकादो आणि आंबा आलाय. तुम्ही जाताय तेव्हा तिकडच्या आंब्याचा हंगाम ऐन भरात असेल. हापूसची सर नाही, पण रेषा नसतात आणि गर भरपूर. मालागाच्या आतारासानास मंडईत मिळेल, रविवारी ती बंद असते.

आईंच्या जेवणाचं: वांगी, गार बदाम-लसणाचं आखोब्लांको, तळलेल्या हिरव्या मिरच्या. साधं सॅलड मागितलं तरी त्यावर ट्यूना येतो, ‘सिन आतून’, म्हणजे ट्यूनाशिवाय, म्हणायला शिका. बटाट्याच्या तोर्तियात अंडं असतं. आणि रात्रीचं जेवण सहसा आठ-साडेआठच्या आधी मिळत नाही. मुलांसाठी दशम्या बांधून न्या.

---

प्रेषक: बर्मिंगहॅम

ताई, तुमचं पत्र आईला मोठ्याने वाचून दाखवलं. स्तूपाचं ऐकून ती उठून बसली, म्हणाली, तिथे आधी. सेव्हिल, ग्रॅनडा, रोंदा, कामिनितो सगळं रद्द केलं.

एकच शंका. नेर्खाच्या गुहांबद्दल खूप वाचलंय. आईला नेता येईल का? आणि यजमान विचारताहेत, वाळूत भाजलेले मासे म्हणतात ते कुठे मिळतील?

---

प्रेषक: रेडिंग

गुहेत पायऱ्या फार आहेत आणि आत दमट असतं. आईंना नेऊ नका. मुलांना मात्र नक्की दाखवा. १२ जानेवारी १९५९ ला मारो गावातली पाच पोरं वटवाघळं शोधत एका भोकातून आत शिरली आणि त्यांना ही गुहा सापडली. आत ३२ मीटरचा एक खांब आहे, छतापासून जमिनीपर्यंत थेंबाथेंबाने घडलेला. ही गोष्ट आत जाण्याआधी सांगा. माझी लेक वर मान करून कितीतरी वेळ तो खांब बघत उभी होती. तेवढा वेळ तुम्ही आईंबरोबर बाल्कॉन दे एउरोपावर बसा. सपाट जागा, बाकं, तीन बाजूंनी समुद्र. १८८४ च्या भूकंपानंतर राजा आल्फोन्सो बारावा इथे आला होता, त्याचा पुतळा कठड्याला टेकून उभा आहे.

मासे: किनाऱ्यावर जुन्या होडीत वाळू भरून त्यात ऑलिव्हच्या लाकडाचा जाळ करतात. सहा तारल्या एका काडीत ओवून ती काडी आगीच्या कडेला तिरकी खोचतात, फक्त जाडं मीठ. त्याला एस्पेतो म्हणतात. तारली उन्हाळ्यात जास्त चरबीदार, ऑक्टोबरात थोडी उतरलेली असेल, पण मालवणच्या माणसाला ती काडी वळवण्याचं कसब बघूनच समाधान वाटेल.

---

प्रेषक: कार्यवाह

मध्येच लिहितो, क्षमस्व. जिब्राल्टर यादीत अजून असेल तर एक लक्षात घ्या: ते ब्रिटनच्या अखत्यारीत आहे. आईंचा शेंगेन व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल, तर हद्द ओलांडण्याआधी त्या वेळचे नियम तपासा. तिथली माकडं बघायला गेलात आणि परतीचा प्रश्न आला, असं नको.

---

प्रेषक: बर्मिंगहॅम

व्हिसा काढून पाहिला, एकाच प्रवेशाचा आहे. जिब्राल्टरही खोडलं. पाच रात्री आरोयो दे ला मिएल, दोन रात्री नेर्खा, गाडी नाही.

ताई, तुमच्यासाठी काकवीची बाटली आणते. हातसामानात नाही, मोठ्या बॅगेत, आईच्या दोन सुती पातळांत गुंडाळून.