मदत हवी आहे: शाळेजवळच्या सिग्नलवरील विलंबाचे गणित प्रत्यक्षाशी जुळत नाही

सई_स्थापत्य
पुण्यात कोथरूड भागातल्या एका चौकात शाळेच्या वेळेत वाहनांना किती थांबावे लागते, हा माझ्या अंतिम वर्षाच्या प्रकल्पाचा विषय आहे. शाळेकडे जाणाऱ्या रस्त्यावरची वाहने मोजून त्यांचे पीसीयू (प्रत्येक वाहन किती मोटारींइतके धरायचे ते एकक) केले, तेव्हा तासाला ७३५ हा आकडा आला आणि सिग्नलवरचा विलंब काढण्याच्या वेब्स्टरच्या सूत्राने दर वाहनामागे सरासरी ४५ सेकंद विलंब निघाला. प्रत्यक्षात मात्र दोनदा हिरवा होऊन गेला तरी रांगेतल्या मागच्या वाहनांची सुटका होत नाही. आकडेमोड दोघांकडून तपासून घेतली आहे. हे सूत्र आपल्या रहदारीला लागू पडत नाही, असा निष्कर्ष लिहावा का? सोमवारी मार्गदर्शकांना प्रकरण दाखवायचे आहे, तेव्हा कृपया लवकर सांगावे.

रस्तामापक
सूत्राला दोष देण्याआधी थोडी माहिती द्या. सिग्नलचे आवर्तन (सर्व दिशांचा एक पूर्ण फेरा) किती सेकंदांचे आहे, त्यात या रस्त्याला हिरवा किती मिळतो, स्टॉप लाइनपाशी रुंदी किती आहे आणि संपृक्त प्रवाह (सलग हिरवा असता तर रांगेतून तासाला सुटतील इतकी वाहने) तुम्ही जागेवर मोजला की रुंदीवरून काढला? मोजणारी मुले नेमकी कुठे उभी होती, हे तर सर्वांत आधी सांगा.

भास्कर_पुणेकर
१९५८ सालच्या ब्रिटिश सूत्रात कशाला अडकता? व्हिसिम या रहदारीची प्रतिकृती दाखवणाऱ्या संगणक-प्रणालीत चौक उभा करा, म्हणजे रांग डोळ्यांना दिसेल. आमच्या कार्यालयात अशी सर्व कामे व्हिसिमवरच होतात आणि परीक्षकांवरही त्याचा चांगला प्रभाव पडतो.

रस्तामापक
भास्करराव, संगणकाला दिलेला संपृक्त प्रवाह आणि मागणी (तासाला येणारी वाहने) चुकीची असेल, तर पडद्यावर चुकीचीच रांग दिसेल. जागेवरच्या मोजणीशी जुळवून न घेतलेल्या प्रतिकृतीवर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

सई_स्थापत्य
आवर्तन १२० सेकंदांचे आहे आणि या रस्त्याला ३० सेकंद परिणामी हिरवा (वाहने सुटण्यासाठी खरोखर उपयोगी पडणारा वेळ) मिळतो. रुंदी ७ मीटर आहे, म्हणून दर मीटर रुंदीला ५२५ या हिशेबाने ५२५ गुणिले ७ असा ३६७५ पीसीयू संपृक्त प्रवाह धरला. मुले स्टॉप लाइनवर उभी राहून ओलांडणारी वाहने मोजत होती. दुसरीकडे कुठे उभे राहायला हवे होते का?

निवृत्त_अभियंता
तुमची पीसीयूची मूल्येही तपासायला हवीत. आयआरसी १०६ (इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शिका) मधली मूल्ये वापरली असतील, तर ती शहरातल्या सलग रस्त्यांसाठी आहेत. तिथे दुचाकींचे प्रमाण दहा टक्क्यांच्या वर गेले की एका दुचाकीला ०.७५ धरतात. सिग्नलवर दुचाक्या मोटारींच्या फटींतून पुढे येऊन एकदम सुटतात, त्यामुळे तिथे हे मूल्य बरेच कमी असते. २०१७ साली सीआरआरआय या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने काढलेल्या इंडो-एचसीएम या रस्ते-क्षमतेच्या भारतीय पुस्तिकेत सिग्नलच्या चौकांसाठी वेगळी मूल्ये दिली आहेत, ती घ्या.

रस्तामापक
सरांचा मुद्दा योग्य आहे, पण या तफावतीचे मूळ कारण दुसरीकडे आहे. सईताई, हिरवा संपल्यावरही रांग उरत असेल, तर स्टॉप लाइनवर मोजलेला आकडा हा मागणीचा नसून क्षमतेचा असतो. जितकी वाहने सुटू शकली तितकीच तुम्ही मोजली, मागे अडकलेली वाहने गणतीत आलीच नाहीत. आवर्तनाचा चौथा हिस्सा हिरवा आहे आणि तेवढ्यात तासाला ७३५ सुटतात, म्हणजे खरा संपृक्त प्रवाह ७३५ गुणिले ४, अर्थात २९४० पीसीयू आहे. तुम्ही धरलेल्या ३६७५ पेक्षा तो वीस टक्क्यांनी कमी झाला. तुमच्या हिशेबात रस्ता क्षमतेच्या ०.८ पट इतकाच भरलेला दिसतो, वास्तवात तो १ च्या पुढे गेलेला आहे. वेब्स्टरचे सूत्र १ च्या जवळ जाताच भरमसाट विलंब दाखवू लागते आणि १ च्या पुढे तर ते वापरताच येत नाही.

आता हे वीस टक्के कुठे गेले ते पाहा. डाव्या बाजूला स्कूल व्हॅन आणि रिक्षा मुले उतरवायला थांबतात का? शाळेचे फाटक चौकाच्या पुढे लगेच आहे का?

सई_स्थापत्य
हो, फाटक चौक ओलांडल्यावर साधारण साठ मीटरवर आहे. तिथे व्हॅन दुहेरी उभ्या राहतात, त्यामुळे हिरवा असूनही शेवटचे काही सेकंद पुढे जायला जागाच नसते. हे तिथे सर्वांनाच ठाऊक असल्यामुळे लिहिले नव्हते.

चौकातली_आई
माझी मुलगी दोन अधिवेशनांच्या शाळेत जाते. आमच्याकडे खरी गर्दी दुपारी होते, कारण सकाळची मुले सुटतात त्याच वेळी दुपारची मुले येतात. तुम्ही कोणत्या वेळी मोजणी केली? शिवाय २०२४-२५ पासून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवण्याचा शासनाचा आदेश आहे. त्यामुळे आता लहान मुलांच्या व्हॅन आणि कार्यालयात जाणारी मंडळी एकाच वेळी रस्त्यावर येतात.

भास्कर_पुणेकर
मग आवर्तन १८० सेकंदांचे करा आणि या रस्त्याला जास्त हिरवा द्या. पादचाऱ्यांचा वेळ थोडा कमी केला तर काही बिघडत नाही.

चौकातली_आई
बिघडते. मोठ्या माणसाचा चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरतात. चौदा मीटरचा रस्ता ओलांडायला त्यालाच बारा सेकंद लागतात आणि पाठीवर दप्तर घेतलेले पहिलीतले मूल त्याहून हळू चालते. त्यांचा वेळ कापून मोटारींना देणे मला मान्य नाही.

निवृत्त_अभियंता
ताईंचे म्हणणे बरोबर आहे. त्याखेरीज पुढचा रस्ताच तुंबलेला असताना हिरवा वाढवून काहीही साधत नाही, वाहने चौकाच्या मधोमध अडकून आडवा रस्ताही बंद करतात. आधी व्हॅन फाटकापासून दूर उभ्या करायला हव्यात.

सई_स्थापत्य
उपायांवर पुढचे प्रकरण आहे. मला आत्ता विलंब कसा काढायचा, एवढेच कृपया सांगा.

रस्तामापक
एका मुलाला रांगेच्या शेपटाच्याही मागे उभे करून येणारी वाहने पंधरा-पंधरा मिनिटांच्या टप्प्यांत मोजा, कारण तासाच्या सरासरीत शाळेचा अर्धा तास विरघळून जातो. दुसऱ्याने दर हिरवा संपताना उरलेली रांग लिहावी. सुटलेल्या वाहनांत रांगेतली वाढ मिळवली की मागणी मिळते. समजा अर्धा तास मागणी क्षमतेच्या १.१ पट राहिली, तर निव्वळ साचलेल्या रांगेमुळे सरासरी ९०० (अर्ध्या तासाच्या सेकंदांचे निम्मे) गुणिले ०.१, म्हणजे ९० सेकंद विलंब होतो. त्यात लाल दिव्याचे नेहमीचे ४५ सेकंद मिळवा, म्हणजे १३५ होतात. अमेरिकी एचसीएम या तशाच पुस्तिकेनुसार ८० सेकंदांच्या वर गेलेला चौक एफ, म्हणजे सर्वांत वाईट श्रेणीत धरतात.

पडताळणीसाठी दर पंधरा सेकंदांनी उभी असलेली वाहने मोजा, त्यांच्या बेरजेला पंधराने आणि ०.९ ने गुणा, आणि त्या वेळात आलेल्या एकूण वाहनांनी भागा. ही मोजणी रांग पूर्ण विरेपर्यंत चालू ठेवा, कारण अर्धवट थांबवली तर सर्वाधिक थांबलेली वाहनेच हिशेबातून गळतात.

सई_स्थापत्य
उद्या दुपारच्या अधिवेशनाच्या वेळी तिघी जाऊन अशी मोजणी करतो. रांगेतल्या दुचाक्याही पीसीयूमध्ये बदलायच्या का?

रस्तामापक
पडताळणीत नाही. तिथे प्रत्येक वाहन एकच धरा, कारण दुचाकीवरच्या माणसाचा वेळही तेवढाच जातो. मागणी आणि क्षमतेच्या तुलनेत मात्र दोन्हीकडे एकच मूल्ये वापरा.